विद्यार्थ्यांचे बंधुसंघ : तिकडचे आणि आपले

गेल्या आश्विनांतील गोष्ट आहे. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तींत आमचें आणि आमच्या चुलतबंधूंचें घर भिंतीला भिंत लावून आहे. बंधूंचा थोरला नातू बारावीची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण होऊन गेल्या वर्षीं अमेरिकेंतील एका विद्यापीठांत शिकावयास गेला. दर रविवारीं सकाळीं त्याचा चेहरा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतो आणि घरांतील लहानथोर दहा-बारा माणसें त्या तळहाताएवढ्या चौकटीभोंवतीं दाटी करून बसतात. त्या रविवारीं मात्र तो नेहमींसारखा बोलेना. शेवटीं वडिलांच्या विचारण्यावरून म्हणाला, “येथें विद्यार्थ्यांचा एक संघ आहे. त्याचें नांव तीन ग्रीक अक्षरांचें आहे. त्यांनीं मला आंत येण्याचें बोलावणें केलें आहे. वर्गणी बरीच आहे. शपथ घ्यावी लागते. पण शपथ कोणती तें आधीं सांगत नाहींत. आठ दिवसांत उत्तर द्यावयाचें आहे. आजोबा हो म्हणाले तरच मी हो म्हणेन.”

झालें! दूरध्वनि बंद झाल्याबरोबर घरांत दोन तट पडले. मुलाचे काका रेल्वेंत नोकरीस आहेत, ते म्हणाले, “हें सरळ सरळ रॅगिंग आहे. नाहीं म्हणून कळवा.” मुलाच्या आईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “परमुलखांत लेकरूं एकटें आहे. चार जीवाभावाचे मिळत असतील तर आपण कां आड यावें?” आमच्या वहिनींनीं एवढेंच विचारलें कीं, शपथ घेतल्यावर त्याच्या जेवणाखाण्यावर तर कांहीं बंधन येणार नाहीं ना? बंधु कांहीं वेळ स्वस्थ बसले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, “तूं जन्मभर पोरें शिकविलींस. हा काय प्रकार आहे, तूंच शोधून सांग.”

आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. परंतु नातीच्या संगणकाचें साहाय्य घेऊन आणि दोन-तीन जुन्या स्नेह्यांना विचारून आम्हीं त्या आठ दिवसांत बरेंच कांहीं वाचलें. आज वऱ्हाडांतील किती तरी घरांतून मुलें-मुली अशा दूरदेशीं शिकावयास जात आहेत. तेव्हां जें आम्हांस कळलें तें आमच्या वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

ज्या संस्थेला तिकडे ‘फ्रॅटर्निटी’ म्हणतात तिला आपण ‘बंधुसंघ’ म्हणूं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भाऊ असाच आहे आणि तो शब्द आपल्या ‘भ्रातृ’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे, हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगावयास नको. ग्रीक अक्षरांचें नांव धारण करणारा पहिला संघ ५ डिसेंबर १७७६ रोजीं व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत पांच विद्यार्थ्यांनीं स्थापन केला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेनें इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. ‘फाय बीटा कापा’ हीं त्या संघाच्या नांवाचीं तीन अक्षरें म्हणजे एका ग्रीक वचनाच्या शब्दांचीं आद्याक्षरें असून ज्ञानाची आवड हीच जीवननौकेची सुकाणूधारी होय, असा त्या वचनाचा आशय आहे. हे तरुण एकत्र जमून वादविवाद करीत, निबंध वाचीत, आणि आपली बैठक गुप्त ठेवीत. हस्तांदोलनाची त्यांची एक खूण होती; बोधवचन गुप्त होतें; आंत येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. गुरूंच्या कानाआड, मनांत येईल त्या विषयावर मोकळेपणानें बोलतां यावें हा त्या गुप्ततेचा हेतु. विशेष हें कीं, या पहिल्या संघानें पुढें १८३० च्या सुमारास आपली गुप्तता स्वतःच टाकून दिली. आज तो उत्तम अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यांचा सन्मान करणारा संघ म्हणून ओळखला जातो.

परंतु त्यानें पाडलेली वाट इतरांनीं उचलली. न्यूयॉर्क राज्यांतील युनियन कॉलेजांत १८२५ सालीं ‘कापा अल्फा’ हा संघ निघाला आणि पुढील दोनच वर्षांत तेथें आणखी दोन निघाले. आज ज्यांस बंधुसंघ म्हणतात त्यांचें कूळ येथून सुरू होतें. यांत विद्याव्यासंगापेक्षां सहवासाला अधिक महत्त्व आलें. पुढें संघांनीं स्वतःचीं घरें बांधलीं; सभासद तेथेंच राहूं, जेवूं लागले. स्त्रियांना या संघांत स्थान नव्हतें. म्हणून १८७० सालीं इंडियाना राज्यांत विद्यार्थिनींनीं ग्रीक अक्षरांचाच आपला स्वतंत्र संघ काढला. अशा भगिनीसंघांचीही तेथें आज मोठी परंपरा आहे.

आतां या संघांची घडण पाहूं. एकाच नांवाच्या संघाच्या निरनिराळ्या विद्यापीठांतून शाखा असतात आणि सर्वांवर एक मध्यवर्ती मंडळ असतें. शाखेचा अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हे विद्यार्थीच असतात आणि त्यांची निवड मतदानानें होते. वर्षाच्या किंवा सत्राच्या आरंभीं संघ आपल्या घराचीं दारें उघडतो. नवे विद्यार्थी येतात, खातात, बोलतात, आणि जुने सभासद त्यांची पारख करतात. ज्याच्याविषयीं एकमत होतें त्याला बोलावणें जातें. त्यानें तें स्वीकारलें कीं तो कांहीं आठवडे उमेदवार होतो. त्या काळांत त्यानें संघाचा इतिहास, नियम, पूर्वीच्या सभासदांचीं नांवें पाठ करावयाचीं. संघाच्या कामांत हात घालावयाचा. जुन्यांपैकीं एक जण त्याचा ‘थोरला भाऊ’ म्हणून नेमला जातो. शेवटीं दीक्षाविधि होतो, शपथ होते, आणि त्याला संघाचें चिन्ह मिळतें. हें सभासदत्व विद्यापीठ सोडल्यावर संपत नाहीं. तें आमरण असतें. जुने सभासद संघाला देणग्या देतात, नव्यांना नोकरीधंद्यांत हात देतात. अमेरिकेचे अनेक राष्ट्राध्यक्ष तरुणपणीं अशाच कोठल्या ना कोठल्या संघाचे सभासद होते. एतावता, हा केवळ पोरखेळ आहे असें म्हणून त्यास उडवून लावतां येणार नाहीं.

हें वाचीत असतां आम्हांस राहून राहून आपल्या उपनयनाची आठवण होत होती. बटूनें गृह सोडावयाचें, कांहीं काळ व्रतस्थ राहावयाचें, कानांत एक गुप्त मंत्र घ्यावयाचा, आणि मग तो एका नव्या कुलाचा होतो. मनुष्यास केवळ जन्मानें मिळालेलें कूळ पुरत नाहीं. विद्येच्या वयांत त्याला दुसरें एक कूळ हवें असतें. हें सत्य आपल्या पूर्वजांनीं चांगलें जाणलें होतें. एका गुरूपाशीं राहून शिकणाऱ्यांस ‘सतीर्थ्य’ आणि एका शाखेचें अध्ययन करणाऱ्या ब्रह्मचाऱ्यांस ‘सब्रह्मचारी’ हे शब्द सिद्ध करण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्रें खर्ची घातलीं आहेत. अर्धी मात्रा वांचविण्यांत ज्यांना आनंद वाटे, असे वैयाकरण ज्या नात्यासाठीं सूत्र रचतात तें नातें लोकांत किती रूढ असलें पाहिजे!

मात्र या बंधुसंघांच्या बंधुत्वाला दोन दोष जडलेले आहेत आणि ते दोन्ही आपण नीट पाहिले पाहिजेत.

पहिला दोष असा कीं, भाऊ कोणास म्हणावयाचें हें ठरवितांना दार अतिशय अरुंद ठेवलें गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत कित्येक संघांच्या घटनेंतच असें लिहिलेलें असे कीं सभासद गौरवर्णी व ख्रिस्तीच असला पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठांत १९०५-०६ च्या सुमारास थोडेसेच कृष्णवर्णी विद्यार्थी होते आणि त्यांतील कित्येक पुढच्या वर्षीं परत आलेच नाहींत. राहावयास जागा नाहीं, अभ्यासाला सोबती नाहीं, अशा स्थितींत किती दिवस तग धरावा? तेव्हां मागें राहिलेल्यांपैकीं सात जणांनीं ४ डिसेंबर १९०६ रोजीं ‘अल्फा फाय अल्फा’ हा आपला संघ काढला. पुढें मार्टिन ल्यूथर किंग याच संघाचे सभासद झाले. आपल्या हिंदी मुलांनींही हाच मार्ग धरला. १९९८ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेंत दक्षिण आशियांतून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांनीं ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ हा संघ स्थापिला. ज्याला दारांतून आंत घेत नाहींत तो आपलें घर आपण बांधतो, हाच याचा अर्थ.

दुसरा दोष याहून भयंकर आहे. उमेदवारीच्या काळांत नवागताची परीक्षा पाहण्याच्या निमित्तानें त्याला छळण्याची चाल कित्येक संघांतून पडली. झोंपूं न देणें, अपमान करणें, मारणें, आणि सर्वांत घातक म्हणजे एका रात्रींत बेसुमार मद्य पाजणें. २०१७ च्या फेब्रुवारींत पेनसिल्व्हानियांतील एका विद्यापीठांत अशाच रात्रीं एकोणीस वर्षांचा एक मुलगा मद्याच्या भरांत जिन्यावरून पडला. घरांत अनेक ‘भाऊ’ होते. परंतु त्यांनीं मदत बोलाविली ती जवळ जवळ बारा तासांनंतर. मुलगा दगावला. त्याच्या आईबापांनीं व तशाच इतर आईबापांनीं पुढें वर्षानुवर्षें खटपट केली आणि २०२४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, प्रत्येक विद्यापीठानें आपल्याकडे घडलेल्या अशा छळाच्या प्रकारांची नोंद ठेवून ती लोकांपुढें प्रसिद्ध केली पाहिजे. कोणत्या संघानें काय केलें हें आतां मुलांना व पालकांना आधीं पाहतां येईल.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे असें समजून कोणीं स्वस्थ बसूं नये. आपल्या महाराष्ट्राला १९९९ सालीं रॅगिंगच्या प्रतिबंधासाठीं कायदा करावा लागला. त्यांत दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दोषी ठरलेल्यास संस्थेंतून काढून पांच वर्षेंपर्यंत दुसऱ्या संस्थेंत प्रवेशही मिळत नाहीं. २००९ सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें सर्व देशासाठीं नियम केले आणि प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थ्यानें व पालकांनीं दोघांनींही प्रतिज्ञापत्र लिहून द्यावें असें ठरविलें. आमच्या बडनेऱ्यास १९८३ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें आणि त्याच सालीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें. तेव्हांपासून गांवोगांवचीं मुलें येथें खोल्या करून राहूं लागलीं. बडनेऱ्याच्या फलाटावर ट्रंक व गादीची वळकटी घेऊन उतरलेला, बावरलेला नवा विद्यार्थी आम्हीं कित्येकदां पाहिला आहे. त्याला पहिल्या रात्रीं कोण भेटतें, यावर त्याचीं पुढचीं चार वर्षें अवलंबून असतात.

येथें आम्हांस एक स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे. ती आजवर आम्हीं घरांतही सांगितली नव्हती.

आमचें बालपण अकोल्याकडील एका खेड्यांत गेलें. इयत्ता आठवीपासून आम्ही अमरावतीस एका लहानशा छात्रगृहांत राहिलों. त्याचें नांव येथें घेत नाहीं. तें आतां राहिलेलेंही नाहीं. आठवड्यांतून तीन दिवस आम्हांस तीन घरचे वार होते, उरलेले दिवस छात्रगृहांतील भाकर आणि वरण. पहिल्या वर्षीं मोठ्या मुलांनीं आम्हांस पहाटे उठवून सर्वांसाठीं विहिरीचें पाणी ओढावयास लावलें, आणि चुकलों म्हणजे अमरकोशाचा वर्ग उलट्या क्रमानें म्हणावयास लावला. आम्हीं तें सोसलें. सोसलें याचा आम्हांस अभिमानही वाटला. पुढें १९७४ सालीं आम्ही मोठ्या मुलांत जमा झालों. त्या वर्षीं मेळघाटाच्या बाजूनें एक मुलगा आला. अंगानें किरकोळ, बोलण्यांत थोडा अडखळणारा. कार्तिकांतील एका थंड रात्रीं आम्हीं चौघांनीं त्याला विहिरीपाशीं उभें करून ओल्या अंगानें तोच वर्ग म्हणावयास लावला. तो एका शब्दापाशीं अडे आणि आम्ही हंसत असूं. पुनः आरंभापासून, पुनः आरंभापासून. कोणीं त्याला मारलें नाहीं, कोणीं शिवी दिली नाहीं. सकाळीं उठून पाहतों तों त्याची वळकटी नव्हती. तो गांवीं निघून गेला तो परत आला नाहीं. त्याचें शिक्षण तेथेंच थांबलें, असें पुढें कानांवर आलें.

आम्हीं पुढें पस्तीस वर्षें मास्तरकी केली. वर्गांत एखादा मुलगा पाठ म्हणतांना अडखळला कीं तो विहिरीचा कांठ आमच्या डोळ्यांपुढें उभा राही. अडखळणाऱ्या मुलाला आम्हीं कधीं आरंभापासून म्हणावयास लावलें नाहीं. अडेल तेथून पुढें नेलें. एवढेंच प्रायश्चित्त आम्हांस सुचलें. तें पुरेसें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक गोष्ट त्या रात्रीनें शिकविली. छळणारा दुष्टच असतो असें नाहीं. बहुधा तो काल स्वतः छळलेला असतो आणि आपलें सोसणें वायां गेलें नाहीं हें त्याला दुसऱ्याच्या अंगावर सिद्ध करावयाचें असतें. परंपरा या पवित्र शब्दाखालीं असली देणींही पिढ्यानुपिढ्या चालत येतात.

मग आपल्याकडे चांगल्या परंपरा नव्हत्या काय? होत्या, आणि त्या आठवल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाहीं.

मुंबईस १८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं व तरुण शिक्षकांनीं एक सभा काढली. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ हें तिचें नांव. दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी हीं त्यांतलीं ठळक माणसें. दादाभाई तेव्हां बावीस-तेवीस वर्षांचे होते. हे तरुण एकत्र जमत, निबंध वाचीत, वाद करीत. इथपर्यंत व्हर्जिनियांतल्या त्या पांच विद्यार्थ्यांसारखेंच झालें. पण यांनीं गुप्त मंत्र केला नाहीं. देशी भाषांतून ज्ञान पसरावें म्हणून त्यांनीं मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा काढल्या आणि १८४९ पासून मुलींच्या शाळा सुरू केल्या. शाळांना शिक्षक कोठून आणावयाचे? सभेचे सभासदच आपल्या फुरसतीच्या वेळांत विनावेतन शिकवूं लागले. मुलीला शाळेंत घालणें म्हणजे घरादाराची अब्रू घालविणें असें मानणारा तो काळ. त्याच १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली आणि त्यांना घर सोडावें लागलें. मुंबईच्या त्या तरुणांची दीक्षा कोणती म्हणाल तर ही : दुसऱ्याच्या मुलीला अक्षर शिकविणें.

पुण्यांत १९०९ सालीं दादासाहेब केतकर यांनीं अनाथ विद्यार्थी गृह काढलें. तेंच आजचें पुणें विद्यार्थी गृह. माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांना त्यानें छप्पर दिलें. स्वातंत्र्यानंतर १९५५ सालीं अच्युतराव आपटे यांनीं विद्यार्थी साहाय्यक समिति स्थापिली. खेड्यांतून येणाऱ्या गरीब मुलांनीं तेथें राहावें, आणि झाडलोट, वाढप अशीं कामें पाळीपाळीनें स्वतः करावींत, अशी तिची रीत. तिकडे कॅलिफोर्नियांत बर्कले येथें १९३३ च्या मंदीच्या काळांत विद्यार्थ्यांनीं सहकारी तत्त्वावर राहण्याचीं घरें काढलीं, त्यांचीही रीत हीच. प्रत्येकानें आठवड्यांतून ठराविक तास घरकाम करावयाचें. एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन देशांतील गरीब मुलांना एकच युक्ति सुचावी, यांत नवल नाहीं. एकत्र भांडीं घासणारांना निराळ्या शपथेची गरज पडत नाहीं.

आणि आमची अमरावती? येथें १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें. त्याचे मल्लखांबपटू १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकपर्यंत जाऊन देशी खेळ दाखवून आले. १९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज निघालें. पुढें तेंच विदर्भ महाविद्यालय झालें. कॉलेज आलें, पण खेड्यांतील कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलानें शहरांत राहावें कोठें आणि जेवावें कोणाच्या पंक्तीला? पापळ गांवचे पंजाबराव देशमुख विलायतेंत राहून वेदवाङ्मयांतील धर्मविचारावर प्रबंध लिहून परत आले होते. त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर म्हणून अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढलें. स्वामी श्रद्धानंदांची १९२६ च्या डिसेंबरांत हत्या झाली होती. त्यांचें नांव त्यास दिलें. सर्व जातींच्या मुलांनीं एका छपराखालीं राहावें व एका पंक्तींत जेवावें, हा तेथील नियम. अंबादेवीच्या मंदिरांत अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून लढा दिला तोही त्यांनींच, त्याच सुमारास. पुढें १९३२ सालीं श्रीशिवाजी शिक्षणसंस्था उभी राहिली.

हें लिहितांना आमच्याच समाजाला एक प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं. वार लावून जेवूं घालण्याची आमची चाल आम्ही मोठ्या अभिमानानें सांगतों. आम्ही स्वतः त्या अन्नावर वाढलों आहों आणि त्या तीन घरांचें ऋण आमच्यानें फिटणार नाहीं. तथापि त्या घरांतून वार मिळत तो आमच्याच ज्ञातीच्या मुलाला. मेळघाटाच्या त्या मुलाला एकही वार नव्हता. तो सातही दिवस छात्रगृहांतील भाकरीवर होता. अमेरिकेंतील संघांनीं आपल्या घटनेंत वर्णाचा नियम लिहून ठेवला म्हणून आम्हीं नाक मुरडावें, तर आमच्या ओसरीवर तो नियम न लिहितां पाळला जात होता, हें विसरतां कामा नये. भाऊ या शब्दाची किंमत, कोणाला भाऊ म्हणतों, यापेक्षां कोणाला म्हणत नाहीं, यावरूनच कळते.

असो. आठवे दिवशीं आम्हीं बंधूंच्या ओसरीवर सर्वांना बसवून हें सर्व सांगितलें. विहिरीची गोष्टही सांगितली. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आम्हीं म्हटलें कीं, आपण येथून हो किंवा नाहीं असें न कळवितां मुलाला चार प्रश्न पाठवूं. ते त्यानें त्या संघाच्या अध्यक्षाला विचारावे आणि उत्तरें ऐकून निर्णय स्वतः करावा. ते प्रश्न असे :

१. वर्गणी एकूण किती, ती कशाकशावर खर्च होते, आणि हिशेब सभासदांपुढें येतो कीं नाहीं?

२. गेल्या कांहीं वर्षांत या शाखेवर विद्यापीठानें कांहीं दंड किंवा बंदी घातली होती काय?

३. मद्य न घेणाऱ्या सभासदाला तेथें मानानें राहतां येतें काय? असा एखादा सभासद सध्यां आहे काय?

४. उमेदवारीच्या काळांत व दीक्षेच्या रात्रीं काय करावें लागतें? जें करावें लागेल तें आईला सांगतां येण्यासारखें आहे काय?

काकांना हें मान्य नव्हतें. ते म्हणाले, “एवढा विचार कशाला? नाहीं म्हटलें कीं झालें.” तेव्हां बंधु म्हणाले, “आज येथून नाहीं म्हणूं. उद्यां तो विचारणारच नाहीं. विचारतो आहे तोंवर त्याला विचार करूं द्यावा.” आम्हांस तें वाक्य फार आवडलें. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या मुलावर आपला हुकूम चालत नाहीं. चालते ती त्याची सवय. वडिलांना विचारण्याची सवय जोंपर्यंत शाबूत आहे तोंपर्यंत घर त्याच्याबरोबर आहे. ती सवय राखावयाची तर प्रश्नाला धाकानें उत्तर देऊन भागणार नाहीं.

उत्तर पुढच्या रविवारीं आलें. संघाचा अध्यक्ष सभ्य मुलगा होता. त्यानें वर्गणीचा तपशील कागदावर लिहून दिला. शाखेवर पूर्वीं कोणतीही कारवाई झाली नसल्याचें विद्यापीठाच्या यादींत दाखविलें. मद्य न घेणारे दोघे सभासद आहेत म्हणून त्यांची गांठही घालून दिली. चौथ्या प्रश्नाला मात्र हंसून म्हणाला, “तेवढें आंत आल्यावरच कळतें. विश्वास ठेव.” मुलगा आम्हांस म्हणाला, “आबा, तो वाईट असेल असें मला वाटत नाहीं. पण जें आईला सांगतां येणार नाहीं त्याची शपथ मी आधीं कशी घेऊं? मी नाहीं म्हणून आलों.”

काकांनीं सुटकेचा श्वास सोडला. परंतु आमच्या वहिनी, ज्यांनीं आठ दिवसांत जेवणापलीकडे एकही शब्द काढला नव्हता, त्या पुढें सरसावून म्हणाल्या, “तें बरें केलेंस. पण मग तेथें तुझें माणूस कोण रे? ताप आला तर पेज कोण करून देईल?” सर्व जण गप्प झाले. खरा प्रश्न हाच होता आणि आमच्या चार प्रश्नांत तो नव्हता.

आज या गोष्टीला कांहीं महिने झाले. मुलगा अजून थोडा एकटाच आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. संघांत गेला असता तर त्याला कदाचित् चांगले मित्र मिळालेही असते. परंतु त्याच्या मजल्यावरील पांच मुलांनीं एक बेत केला आहे. एक केरळचा, एक नेपाळचा, एक मेक्सिकोचा, एक तेथलाच शेतकऱ्याचा मुलगा, आणि हा बडनेऱ्याचा. प्रत्येकानें एकेक वार वांटून घेतला आहे. ज्याचा वार त्यानें स्वयंपाक करावयाचा आणि बाकीच्यांनीं भांडीं घासावयाचीं. गुरुवार आमच्या मुलाकडे आहे. अमरावतीस आम्हीं ज्याच्या-त्याच्या घरीं जाऊन वार जेवलों; तेथें हीं पोरें एकमेकांना वार देत आहेत आणि ज्ञाति कोणी विचारीत नाहीं.

गेल्या आठवड्यांत त्यानें आजीला गोळाभाताची कृति विचारली. वहिनींनीं ती सुनेकडून लिहवून घेतली, दोनदां वाचून घेतली, आणि शेवटीं स्वतःच्या हातानें खालीं एक ओळ घातली : फोडणींत तेल कमी करूं नकोस, आणि आधीं त्या चौघांना वाढ.